पाहाले आलेली माणसं

"एवढ्या लोकायनं पाह्यलं पोरीले. आता जमन का बाप्पा तिचं?"

एवढं बोलून मोठी आई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि चुलीकडं गेली. दूध वर आलं होतं. मी माजघरात बसून राहिलो. समोर पाटावर ठेवलेला लॅपटॉप, त्यावर खालून वर सरकणारी नामावली, आणि मागं खिडकीच्या गजांपर्यंत चढलेला कापसाचा ढीग. दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते. लाईन तासाभरापूर्वीच गेली होती. घरात कापूस असला की तो आवाज पिऊन टाकतो, बाहेरच्या कुत्र्यांचं भुंकणंही दोन गावं पलीकडून आल्यासारखं वाटतं. त्या शांततेत तिचं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. मी नंतर सयपाकघरात जाऊन तिला समजावायचा प्रयत्न केला, अवो मोठी आई, तो सिनेमा आहे, पोरीनं काम केलं त्याच्यात, खरं पाहणं नोहे ते. तिनं पातेलं उतरवलं, पदरानं हात पुसले. "मले समजते रे. पन पोरगी तं खरीच आहे ना?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सिनेमा होता जयंत सोमलकरांचा 'स्थळ', लग्नासाठी पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या सविता नावाच्या पोरीचा. २०२३ साली तो टोरांटोच्या महोत्सवात गेला, तिथं त्याला आशियाई सिनेमासाठीचा 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडच्या थिएटरांत यायला त्याला मार्च २०२५ उजाडला. मी तो पुण्यात सकाळच्या खेळाला पाहिला, माझ्यासकट अकरा डोकी होती. पण सिनेमातलं डोंगरगाव आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव, आणि काम करणारी माणसं त्याच भागातली, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. पुण्याच्या त्या गार अंधारात आमची छपरी, घरापुढची पडवी, दिसली, आमच्या बायकांचा हेल ऐकू आला, आणि मी मूर्खासारखा आजूबाजूला पाहिलं, की कुणाला कळलं तर नाही ना हे माझं घर आहे म्हणून. अभिमान वाटला म्हणावं तर कानही तापले होते. तेव्हाच ठरवलं, दिवाळीत हा घरी दाखवायचा. आता वाटतं, मी काय दाखवायला निघालो होतो? त्यांचं जगणं त्यांनाच?

मोठी आईसाठी पडद्यावरची ती सविता नटी नव्हतीच. नटी म्हणजे तिच्या लेखी उंच, गोरी, दूरची. ही तर शेजारच्या गल्लीतली कुणाची तरी पुतणी वाटावी अशी. अशा पोरीला पाटावर बसवून कुणी नाव विचारतो, कुणी शिक्षण, कुणी उंची, आणि ते सगळं हजारो परके लोक तिकीट काढून पाहतात. पोरगी चार वेळा दाखवून जमली नाही की पाचव्या वेळी लोक विचारतात, आधी किती जणांनी पाहिली? मोठी आईनं साधा हिशोब केला होता. इथं तर मोजदादच नव्हती.

आमच्या भाषेत हे एकच क्रियापद आहे, त्याला काय करणार! पिक्चर पाहाले जातो, पोरगी पाहाले जातो, बैल पाहाले जातो, म्हाताऱ्याची तब्येत पाहाले जातो. पाहुणा या शब्दाचा पाहण्याशी संबंध नाही म्हणतात, तो संस्कृतातल्या 'प्राघुण'वरून आला. पण आमच्या छपरीत सतरंजीवर बसलेल्या पाहुण्यांकडं, दाराच्या फटीतून, हातात पोह्यांच्या बशा घेऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना ही व्युत्पत्ती पटायची नाही.

वहिनी सिनेमा सुरू झाला तेव्हा दारात उभी होती, हातात झारा तसाच. पहिल्या पाहण्याचा प्रसंग आला, पोरगी पदर सावरत पाटावर बसली, आणि वहिनी म्हणाली, "मले नाही पाह्याचं. मी पाह्यलं आहे." आणि अनारसे तळायला निघून गेली. मी तिला थांब म्हटलं नाही.

मोठी आई मात्र हलली नाही. ती आली उशिरा, गाय दोहून, त्यामुळं सुरुवात तिची राहिलीच. पण आल्यावर तिनं चष्मा लावला, गुडघे पोटाशी घेतले आणि पडद्याच्या इतकी जवळ बसली की मला मागं सरकावं लागलं. ती सगळा वेळ पोरीकडंच बघत नव्हती. तिची नजर सयपाकघराच्या उंबरठ्याकडं, मागं उभ्या असलेल्या बायकांकडं जात होती. "त्या मायले कोनी बसा नाही म्हनत," असं ती एकदा म्हणाली. मी पुण्यात दीडशे रुपये देऊन हा सिनेमा पाहिला होता आणि ती उभी आई मला दिसली नव्हती.

मोठी आईचं माहेर ब्रह्मपुरीकडचं. म्हणजे एकाच जिल्ह्यात राहूनही वेगळा मुलूख. तिकडं धान, तळी, झाडी. इकडं काळी माती, कापूस, तुरी. तिला पाहायला आमच्या घरचे सहा पुरुष गेले होते, पन्नासेक वर्षांपूर्वी. एकानं तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं, वाच म्हणून. तिकडच्या झाडीबोलीत ळ नाही. तिकडचा माणूस डोळ्याला डोरा म्हणतो, काळ्याला कारा. तिनं वाचताना 'डोळे' हा शब्द आला तिथं 'डोरे' वाचलं, आणि सतरंजीवर हसू फुटलं. पोरगी बोबडी आहे का हो, असं कुणीतरी विचारलं. तिच्या वडिलांना आपल्या भाषेची बाजू मांडावी लागली, आमच्याकडं असंच बोलतेत म्हणून. पसंत पडली, लग्न झालं, आणि सासरी जावा-नणंदांनी तिचं नावच ठेवलं, डोरेवाली. ती सांगते, सहा महिन्यांत मी ळ शिकले. पहिला शब्द तांदूळ. तांदळाच्या मुलखातून आलेल्या बाईनं तांदूळ म्हणायला सासरी शिकावं, यावर ती स्वतःच हसते. आता तिच्या बोलण्यात ळच्या जागी र फक्त दोनच ठिकाणी येतो, भावाशी फोनवर बोलताना आणि गाईशी बोलताना. आम्हा पोरांना लहानपणी वाटायचं गाईला वेगळी भाषा लागते.

दिवाळी झाली की तिच्या माहेराकडं मंडईची जत्रा भरते, शंकरपटात बैल धावतात, आणि रात्रभर नाटकं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या पाट्या रांगेनं लागलेल्या असतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीला बाहेरचे लोक अलीकडं ओळखायला लागले, २०२३ साली तिथले कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तर जास्तच. मोठी आईला ती आधीपासून पाठ. मी लहानपणी दोन-तीनदा तिच्यासोबत गेलोय. वावरात मांडव, खाली तणस, त्यावर घोंगड्या, थंडी हाडात शिरणारी, आणि मध्यरात्रीनंतर रंगात आलेलं नाटक. भाऊ बहिणीला ओळखत नाही, सून सासूच्या पायावर पडते, मुलगा बापाला घराबाहेर काढतो. ऑर्गनचा सूर लागला की बायका पदर डोळ्यांना लावत. मोठी आई तर प्रवेश सुरू व्हायच्या आधीच रडायला बसायची. पहाटे परत येताना तिचा चेहरा धुतल्यासारखा हलका दिसायचा.

म्हणून 'स्थळ' पाहताना ती मध्येच म्हणाली, "हे रडत काऊन नाही?" मला तेव्हा हसू आलं. आपल्याला न रडणारं आवडतं, संथ आवडतं, कॅमेरा एका जागी ठेवून माणसं येऊ-जाऊ देणारं आवडतं. शहरात राहून आलेली ही माझी आवड. तिच्या नाटकात घरातली प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलली जायची, कारण घरात ती कधी बोलली जात नव्हती. तिला रात्रभर दुसऱ्यांचं घर फुटताना पाहून मोकळं व्हायचं होतं. या सिनेमानं तिला मोकळं केलं नाही. मी जे भारी समजून तिच्यासमोर ठेवलं होतं त्यानं तिचं घशातलं घशातच ठेवलं, याचं मला अजून नीट काही ठरवता येत नाही.

आता माझं सांगतो. मी एकोणीस वर्षांचा असताना दादासाठी पोरगी पाहायला गेलो होतो, हिंगणघाटच्या पुढं एका गावी. कमांडर जीपमध्ये नऊ जण. घरातली बाई माणूस एकही सोबत नाही, तशीच पद्धत. पोरगी येऊन बसली, नाव झालं, शिक्षण झालं, मामा-कुळं झाली, आणि काकाजी माझ्याकडं वळून म्हणाले, तू शिकून राह्यला ना, इचार काही. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी विचारलं, तुमचा आवडता विषय कोणता? ती म्हणाली, गणित. मागून कुणीतरी म्हणालं, "गणित? मंग हुंड्याचा हिशोब पोरगीच करन!" सगळे हसले. मी पण हसलो. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, सेकंदभर असेल. विनोद करणाऱ्याकडं नाही, माझ्याकडं. निघताना दोन दिवसांत कळवतो म्हटलं. परतीच्या वाटेवर खांबाड्याला चहा घेता घेताच पोरगी सावळी पडते असं ठरलं, आणि कुणी कळवलं नाही. 'कळवतो'चा अर्थ त्या घरालाही ठाऊक असणार. पण ते दोन दिवस त्यांनी कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनात यायला एकोणीस वर्षं जावी लागली, आणि तोही एका सिनेमाच्या निमित्तानं यावा, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही.

पुण्याच्या थिएटरात मी त्या सतरंजीवरच्या माणसांत स्वतःला शोधत होतो. सापडलो. कोपऱ्यात बसलेला, बशीतला शेवेचा शेवटचा तुकडा बोटानं उचलणारा.

पण पाहणं नेहमी तसंच नसतं. आमच्याच घरात मी दुसरं पाहणंही शिकलो होतो, दादासाठी पोरगी पाहायला गेलो त्याच्या दोन वर्षं आधी. त्या साली कपाशीवर लाल्या रोग आला. पानं आधी कडेनं तांबडी झाली, मग सगळं वावर वाळक्या रक्ताच्या रंगाचं. नदीपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात काय चाललं होतं ते रोज पेपरात येत होतं, मग एके दिवशी ते नदीअलीकडं, आमच्या गल्लीत आलं. तीन घरं सोडून. त्या रात्री मोठी आईनं गोठ्यातून फवारणीचे डबे काढले, पोत्यात बांधले आणि तांदळाच्या कोठीमागच्या पेटीत कुलूपबंद केले. किल्ली कमरेला. कित्येक दिवस आमच्या भाताला त्या औषधाचा वास येतोय असं मला वाटत राहिलं, येत नसेलही. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी लागली. "बाबाच्या मांगं जाय. पानी नेऊन दे. आन पाहून ये, काय करून राह्यले."

पाण्याची बाटली निमित्ताला. मी तुरीच्या ओळीत लपून बसायचो. मोठे बाबा धुऱ्यावर बाभळीखाली बसलेले असत, तासन्तास, काहीही न करता. मुंग्या चढायच्या माझ्या पायांवर. पाच-सहा दिवस झाल्यावर एकदा ते मागं न वळताच म्हणाले, "ये, बस. किती दिवस लपून पाहशीन?" मी जाऊन बसलो. त्यांनी बिडी पेटवली. बराच वेळानं म्हणाले, "घरी सांग, बाबा बिडी पिऊन राह्यले म्हना." मी तसंच सांगितलं. मोठी आईनं त्या रात्री वरणात तुपाची धार जरा जास्तच धरली. दोघं याबद्दल कधी काही बोलल्याचं मला माहीत नाही.

पुढं होस्टेलवर सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' पाहिला, २००९चा. त्यात शेजारच्या घरात आत्महत्या होते आणि अलकाच्या मनात भीती बसते की आपला किसनाही असंच काही करेल. ती त्याला गोडधोड करून घालते, आणि पोराला, सासूला त्याच्या मागं मागं पाठवते. सोबतची पोरं हसत होती, कारण सिनेमा मोठा गमतीदार आहे, ते पोरगं बापाच्या पाठीमागं धावतं तेव्हा हसू येतंच. मला हसताही येईना आणि उठताही येईना. मला तोवर वाटत होतं ही फक्त आमच्या घरची लपवालपवी, तुरीच्या ओळीतली. कुणीतरी ती आधीच ओळखून ठेवली होती. घरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? मोठी आई, तुझ्यावर पिक्चर निघाला?

न पाहिलं जाण्याची इच्छाही असते माणसाला. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' त्याबद्दलचा आहे असं मला वाटतं. त्याला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांतला सगळ्यात मोठा ज्युरी पुरस्कार मिळाला. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, लग्न कधी करतो म्हणून मागं लागलेले नातेवाईक, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. ती दोघं एकमेकांकडं ज्या नजरेनं पाहतात, तसं आमच्या गावात दोन माणसांनी एकमेकांकडं पाहिलेलं मी पाहिलेलं नाही, किंवा पाहिलं असेल आणि ओळखलं नसेल. तोही लॅपटॉपमध्ये होता. तो काही मी मोठी आईला दाखवला नाही. हिंमत झाली नाही असंच म्हणतो, उगाच कारणं कशाला. तिनं काय म्हटलं असतं कोण जाणे. तिच्याबद्दल माझे अंदाज एरवीही चुकतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा मला कापसाच्या नोंदणीला घेऊन बसले. त्या वर्षी, २०२५ला, हमीभावानं विकायचा तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नाव टाका, सातबारा चढवा, फोटो चढवा. लांब धाग्याला तेव्हा ८,११० रुपये क्विंटल भाव होता, पण ओल आठ ते बारा टक्क्यांत बसली तर. दिवाळीच्या तोंडावरच्या पावसानं आमच्या कापसात ओल होती, हात घातला की थंड लागत होतं. दुपारी एक खेडा खरेदीवाला आला. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मुठभर काढला, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढला, डोळ्यांजवळ नेला, पिवळट आहे म्हणाला, एक सरकी दाताखाली फोडली. मोठे बाबा भिंतीला टेकून उभे होते, हात मागं बांधून. व्यापाऱ्यानं भाव सांगितला नाही. सांगतो म्हणाला, उद्या.

तो गेल्यावर मोठे बाबा विस्कटलेला ढीग सारखा करत बसले. "कळवतो म्हने," एवढंच बोलले.

त्या रात्रीही लाईन नव्हती. मी खाटेवर पडून आदल्या संध्याकाळचं आठवत होतो, आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं की सिनेमा चालू असताना मोठी आई स्वतःशीच काहीतरी पुटपुटली होती. पडद्यावर पोरगी समोर बघत होती, आणि ही म्हणाली होती, "डोरे पाह्य तिचे." डोरे. इतकी वर्षं जपून वापरलेला ळ तिथं राहिला नव्हता. ती भावाशी बोलत नव्हती, गाय तर गोठ्यात होती. मी उठून बसलो. तिला विचारावं का? पण विचारलं तर ती सावध होईल, पुन्हा ळ लावेल.

तेवढ्यात तीच आली, कंदील घेऊन. "झोपला का?"

"नाही."

"ते सुरुवातीचं राह्यलं माह्यं. गाय पान्हवत नव्हती काल."

लॅपटॉपमध्ये थोडीच बॅटरी उरली होती. पाट ओढला, त्यावर ठेवला, सुरुवात लावली. 'स्थळ' सुरू होतो तो एका स्वप्नानं. त्यात सगळं उलटं आहे. बायका ऐसपैस बसल्यात, आणि पाटावर बसायला येतो तो पोरगा, खाली मान घालून. बायका त्याला प्रश्न विचारतात. मोठी आई आधी गोंधळली. मग तिनं तोंडावर पदर घेतला. मग पदर सुटला आणि ती हसायला लागली, दात नसलेल्या हिरड्या दिसतील इतकी, मांडीवर थाप मारत. वहिनी कणकेचे हात घेऊन आतून धावत आली, काय झालं म्हणून, आणि पडद्याकडं बघून तीही तिथंच बसली.

बाहेर छपरीत खाटेवर मोठे बाबा जागे होते. खोकले. "काय पाहून राह्यल्या एवढं?"

मोठी आईनं डोळे पुसले. पडद्यावरची नजर न हलवता तिनं आवाज दिला.

"पोट्टं पाहून राह्यलो आमी!"

बाहेर जरा वेळ शांत. बिडीचा वास आला.

"मंग? पसंत आहे का?"

"थांबा ना. उंची इचारून राह्यल्या अजून. कळवतो म्हना."